राडेगुंड : एका विरळ जर्मानिक नावाचं मूळ आणि अर्थ

शब्दवेल

मुलींच्या नावांचे अर्थ देणाऱ्या याद्यांत ‘राडेगुंड’ या नावासमोर हमखास ‘युद्धात सल्ला देणारी’ असं लिहिलेलं सापडतं. नावाचे दोन तुकडे आहेत. राड म्हणजे सल्ला, मसलत. गुंड म्हणजे युद्ध. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. त्यांची बेरीज करून जो तिसरा अर्थ काढतात, तो मात्र मला पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी ती बाई, कारण तिच्यामुळेच हे नाव आजवर टिकलं.

राडेगुंड थुरिंगियाची राजकन्या. थुरिंगिया म्हणजे आजच्या जर्मनीचा मधला भाग. जन्म साधारण ५२० चा. वडील बेर्थाखार, काका हेर्मानफ्रिड आणि बाडेरिक. तिघे भाऊ राज्य वाटून घेऊन होते, पण हेर्मानफ्रिडनं राडेगुंडच्या वडिलांना मारलं आणि पोर वाढली ती त्याच काकाच्या घरी. ५३१ मध्ये फ्रँक लोकांचे (आजच्या फ्रान्सच्या भागात राज्य करणाऱ्या जमातीचे) राजे थ्यूडेरिक आणि क्लोथार यांनी थुरिंगिया बुडवला. लुटीच्या वाटणीत ही दहा-अकरा वर्षांची मुलगी क्लोथारच्या वाट्याला आली. त्यानं तिला आज उत्तर फ्रान्समध्ये असलेल्या आथी इथल्या आपल्या वाड्यावर ठेवलं, लिहायला-वाचायला शिकवलं आणि ५४० च्या आसपास तिच्याशी लग्न केलं. पुढं त्यानंच तिच्या भावाला मारवलं. तेव्हा ती राजवाडा सोडून निघाली आणि नॉयाँचा बिशप मेदार याच्यापुढं दीक्षा मागायला उभी राहिली. राजाच्या राणीला दीक्षा द्यायची म्हणून तो कचरला, सरदारांनी त्याला दमही भरला. राडेगुंड आत गेली, स्वतःच्या हातानं जोगिणीचा वेश चढवला आणि बाहेर येऊन त्याला म्हणाली की देवापेक्षा माणसाला भीत असशील तर याचा जाब तुला द्यावा लागेल. त्यानं दीक्षा दिली.

पुढं प्वातिये शहरात तिनं बायकांचा मठ उभारला. मठाला आर्लचा बिशप सेझेर यानं जोगिणींसाठी लिहिलेली नियमावली लावली. तिच्यात प्रत्येक जोगिणीनं अक्षरं शिकावीत आणि रोज दोन तास वाचन करावं असं स्पष्ट सांगितलं आहे. सहाव्या शतकात ही लहान गोष्ट नव्हती. ५६९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राट दुसऱ्या जस्टिनकडून तिनं ख्रिस्ताच्या क्रुसाचं मानलं जाणारं लाकूड मागवून घेतलं, तेव्हापासून मठाचं नाव ‘पवित्र क्रूस’ पडलं. १३ ऑगस्ट ५८७ ला ती गेली. तिचे अंत्यविधी तूरचा बिशप ग्रेगरी यानं केले. फ्रँक लोकांचा मोठा इतिहास लिहिणारा ग्रेगरी तो हाच, म्हणून यातलं बरंच आपल्याला ठाऊक आहे.

आता नाव. त्या काळी जर्मानिक लोकांत (आजच्या जर्मन, इंग्रज, स्कँडिनेव्हियन लोकांचे भाषिक पूर्वज) नाव दोन तुकडे जोडून करत, आणि तुकड्यांचा साठा ठरलेला असे. कीर्ती, सेना, लांडगा, भाला, शांती, मदत, मसलत, युद्ध असे शब्द. पोराच्या नावात बापाच्या नावातला एक तुकडा किंवा आईच्या नावातला एक तुकडा उचलून घालत, कधी आख्खं नावच आजोबांचं किंवा आत्याचं ठेवत. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण इंग्लंडातलं आहे. अकराव्या शतकातल्या वुस्टरच्या बिशपचं नाव वुल्फस्टान. वडील एथेलस्टान, आई वुल्फगिफू. आईकडून ‘वुल्फ’ आला, वडिलांकडून ‘स्टान’. एक लांडगा, दुसरा दगड. ‘लांडग्याचा दगड’ असं काही त्या आईबापांच्या डोक्यात नव्हतं. हा आम्हा दोघांचा, एवढंच त्या नावात म्हटलेलं आहे.

राडेगुंडच्या घराण्यातही असंच दिसतं. लोंबार्ड लोकांच्या जुन्या इतिवृत्तात राजा वाखो याच्या पहिल्या बायकोचं नाव राइकुंडा दिलंय, आणि ती थुरिंगियाच्या राजाची मुलगी असल्याचंही नोंदलंय. अभ्यासक राइकुंडा हे राडेगुंडचंच दुसरं रूप मानतात. त्या हिशेबानं ती आपल्या राडेगुंडची आत्या. म्हणजे ५२० च्या सुमारास थुरिंगियाच्या राजवाड्यात ही मुलगी जन्मली तेव्हा तिच्या नावाचा अर्थ कुणी विचारला असता तर उत्तर आलं असतं, ‘आत्याचं नाव आहे.’

माझं म्हणणं थोडक्यात असं : राड आणि गुंड यांचे अर्थ कोशात आहेत, पण राडेगुंडचा अर्थ तिच्या कुळात आहे. तुम्हाला काय वाटतं, लिहा.

वाचनमात्र

फार आवडलं. आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होती, पाळण्यात तेच नाव, हाक मारायला दुसरं. माझ्या काकांचं नाव त्यांच्या आजोबांचं. त्यांना कुणी नावाचा अर्थ विचारला तर ते आजोबांच्या गोष्टी सांगायला लागायचे. त्यामुळे तुमचा मुद्दा मला लगेच पोचला.

एक विचारू का? मराठी कानाला या नावात ‘राडा’ आणि ‘गुंड’ ऐकू येतं. तो शब्द तिकडून इकडे आलाय असं तर नाही ना? आणि दुसरं, मुलीच्या नावात युद्ध कशाला?

शब्दवेल

वाचनमात्र, राडा आणि गुंड यांच्याशी काडीचाही संबंध नाही. उच्चार योगायोगानं जुळलाय. मूळ ‘ड’ आपल्या ड आणि द यांच्या मधला, दाताजवळचा. ‘रादेगुंद’ लिहिलं तरी चालेल, मी जर्मन नावं मराठीत जशी लिहितात तसं लिहिलं.

युद्धाचं कारण मात्र मजेदार आहे आणि ते व्याकरणात दडलंय. जर्मानिक नावात दुसरा तुकडा ज्या लिंगाचा, त्या लिंगाच्या माणसाला ते नाव. सेना, लांडगा, भाला हे शब्द पुल्लिंगी, म्हणून ते पुरुषांच्या नावाच्या शेवटी येतात. युद्ध या अर्थाचे दोन जुने शब्द, ‘हिल्ड’ आणि ‘गुंड’, स्त्रीलिंगी होते. म्हणून ब्रुनहिल्ड, क्लोटिल्ड, माटिल्डा, कुनिगुंडे, हिल्डेगुंड ही सगळी बायकांची नावं. हीच गुंड पहिल्या जागी आली की नाव पुरुषाचंही होतं, जसं गुंथर किंवा गुंडोबाड. नावातल्या युद्धावरून त्या मुलींनी तलवार धरावी अशी कुणाची अपेक्षा होती असं म्हणता येत नाही. शेवटी बसणारे स्त्रीलिंगी तुकडे मोजकेच, त्यातले दोन युद्धाचे निघाले.

क्लोथारच्या बायकांपैकी या चौघी पाहा. गुंथेउका, इंगुंड, अरेगुंड, राडेगुंड. चार बायकांत चारदा तोच तुकडा. यातल्या इंगुंड आणि अरेगुंड सख्ख्या बहिणी. ग्रेगरीनं त्यांची गोष्ट लिहून ठेवली आहे. इंगुंडनं नवऱ्याला विनवलं, माझ्या बहिणीला एखादा कर्तबगार आणि श्रीमंत नवरा शोधून द्या. क्लोथार स्वतः जाऊन अरेगुंडला बघून आला, तिच्याशी लग्न लावलं आणि परत येऊन इंगुंडला सांगितलं की शोध शोध शोधलं, माझ्याहून बरा कुणी सापडला नाही. राडेगुंड ज्या घरातून उठून निघाली ते घर असं होतं.

पुढच्या पिढीत याच घरात फ्रेडेगुंड आली, क्लोथारचा मुलगा खिल्पेरिक याची राणी. तिच्या नावाचा पहिला तुकडा ‘शांती’. शांती अधिक युद्ध! मारेकरी पाठवून माणसं मारवणारी राणी म्हणून ती इतिहासात ओळखली जाते. बेरीज करून अर्थ काढणाऱ्यांनी या नावाचं काय करायचं?

घाटवाट

अरेगुंडवरून आठवलं. तिची कबर सापडली आहे ना? बोटातल्या अंगठीवर नाव होतं असं वाचल्याचं आठवतं.

शब्दवेल

हो. १९५९ मध्ये पॅरिसजवळच्या सँ-दनी इथल्या चर्चखाली मिशेल फ्लरी यांच्या उत्खननात एक दगडी शवपेटी उघडली. आत उंची कपड्यांचे अवशेष, दागिने, आणि सोन्याची अंगठी. अंगठीवर गोल अक्षरांत ‘अर्नेगुंडिस’ असं कोरलेलं, मधे जुळवलेली अक्षरं, ती ‘राणी’ अशी वाचतात. सहाव्या शतकातलं गुंडवालं नाव त्या बाईच्या अंगठीवरच वाचायला मिळावं यासारखा पुरावा नाही. इतिहासकाराच्या हस्तलिखितात अक्षरं नकलताना बदलतात, सोन्यावरची बदलत नाहीत. ग्रेगरीच्या ‘अरे’ऐवजी इथं ‘अर्ने’ आहे, म्हणजे तिचा पहिला तुकडा गरुड या अर्थाचा असणार हेही त्यामुळे कळतं.

धातुपाठ

धागा सुंदर. संस्कृतच्या बाजूनं थोडी भर घालतो, कारण या नावाचे दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे आहेत.

‘गुंड’ ज्या मुळापासून आला तेच मूळ संस्कृत हन् धातूचं. मारणे, प्रहार करणे. ध्वनी कसे बदलले ते पाहायला तीन जोड्या पुरेत. संस्कृत शत, गॉथिक (एक जुनी जर्मानिक भाषा) हुंड. संस्कृत मति, गॉथिक (ग)मुंड(स्), स्मरण. संस्कृत हति, जर्मानिक गुंथ, पुढं गुंड. तिन्हीकडं मूळ भाषेत स्वरासारखा उच्चारला जाणारा अनुनासिक होता. संस्कृतात त्याचा नुसता ‘अ’ झाला, जर्मानिकमध्ये ‘उन्’ झाला. इंग्रजी हंड्रेड आणि माइंड याच जोड्यांतले. तेव्हा हति आणि गुंड हे एकाच घरचे. शत्रुघ्न या नावातला ‘घ्न’, आपल्या बोलण्यातला घात, लोहाराचा घण, हतबल, हत्या, सगळे या एका धातूचे.

‘राड’ संस्कृत राध् धातूचा नातलग. राध् म्हणजे सिद्धीस नेणे, तडीस लावणे, प्रसन्न करून घेणे. आराधना, अपराध, आणि राधा. जर्मानिक शाखेत अर्थ ‘विचारपूर्वक ठरवणे, मसलत करणे’ असा वळला. जर्मन रातहाउस, म्हणजे नगरपालिकेची कचेरी, शब्दशः मसलतीचं घर. इंग्रजीत तोच शब्द ‘रीड’ झाला, आधी उकलणे, अर्थ लावणे, मग वाचणे.

दोन पदांची नावं ठेवायची पद्धतही जुनी, सामायिक. ग्रीकांत, स्लाव्हांत, आपल्यात, जर्मानिकांत. एक जोडी तर थक्क करते. क्लोथार या नावात पहिलं पद ‘ख्लोद’, विख्यात, हे आपल्या श्रुत या शब्दाचं सख्खं भावंड. दुसरं पद ‘हारि’, सेना. आणि महाभारतात जनमेजयाच्या भावाचं नाव श्रुतसेन! पहिली पदं एका मुळाची, दुसरी पदं एका अर्थाची. दोघांची गाठ कधी पडलेली नाही, पण नाव घडवण्याचा साचा एकच.

वाचनमात्र

राधा आणि घात एका नावात! हे मी आज घरी सगळ्यांना सांगणार.

म्युनिककर

मी जर्मन भाषा कामापुरती शिकलोय. राड म्हणजे चाक, सायकलला फाराड म्हणतात. मग पहिला तुकडा चाक नसेल कशावरून? चाक आणि युद्ध म्हटलं की रथ डोळ्यांपुढं येतो.

धातुपाठ

म्युनिककर, शंका रास्त आहे. आजच्या जर्मनमध्ये चाकाचा ‘राड’ आणि मसलतीचा ‘रात’ यांचा उच्चार हुबेहूब एक झालाय, शब्दाच्या शेवटचा ड तिथं ट सारखाच ऐकू येतो. पण ही अलीकडची गोष्ट. जुन्या जर्मनमध्ये चाकाच्या शब्दात ऱ्हस्व अ होता आणि मसलतीच्या शब्दात दीर्घ आ. शिवाय सहाव्या शतकात चाकाच्या शब्दाचं शेवटचं व्यंजन ‘थ’ सारखं घर्षक होतं, लॅटिन लेखकांनी ते बहुतेक थ नं लिहिलं असतं. राडेगुंडच्या नावात मात्र सरळ ड आहे. आणि तिसरं, चाक हा शब्द नावांच्या साठ्यात नव्हताच, मसलत मात्र जागोजागी दिसते : कोनराड, आल्फ्रेड, एथेलरेड.

तुमचा रथ मात्र वाया जात नाही. जर्मन राड आणि संस्कृत रथ हे एकाच मुळाचे शब्द आहेत.

म्युनिककर

समजलं, धन्यवाद. आता रोज फाराडवर बसताना रथ आठवेल.

तोफखाना

मी किल्ले आणि तोफा वाचणारा. गुंडवरून एक गोष्ट सांगतो. इंग्रजी ‘गन’ हा शब्दही याच नावांतून आलाय असं कोशकार मानतात. १३३०-३१ च्या सुमाराची विंडसर किल्ल्यातल्या युद्धसामग्रीची लॅटिन यादी आहे. तिच्यात शिंगापासून केलेल्या एका मोठ्या बाणफेक्या यंत्राची नोंद आहे, आणि त्याचं नाव ‘डोमिना गुनिल्डा’, म्हणजे गुनिल्डाबाई. गुनिल्डा हे स्कँडिनेव्हियातलं गुन्हिल्ड. गुन् म्हणजे गुंडच, हिल्ड म्हणजेही युद्ध. युद्ध अधिक युद्ध. मग तिचं लाडकं रूप गन् आणि ते यंत्रांना, पुढं तोफांना चिकटलं. आपल्याकडे मुलूखमैदान, कलालबांगडी अशी तोफांना नावं देत, तसंच हे.

धातुपाठ लिहितात ते धरलं तर बंदुकीला ‘गन’ म्हणताना आपण हन् धातूच वापरतो.

शब्दवेल

तोफखाना, ही नोंद इथं आली याचा आनंद झाला. आणि पाहा, इथंही बाईचं नाव आधी घरात होतं, मग यंत्राला गेलं.

वसईचा_वारा

आम्ही वसईचे कॅथलिक, घरात मराठीच बोलतो. राडेगुंड हे नाव आमच्याकडे कुणाचं ऐकलं नाही, पण तिच्या मठाशी जोडलेलं एक स्तोत्र आमच्या आजोबांच्या पिढीला लॅटिनमधून पाठ होतं. ‘वेक्सिल्ला रेजिस’, राजाच्या पताका पुढे निघाल्या. शब्दवेलताईंनी ५६९ च्या क्रुसाच्या लाकडाचं लिहिलंय, ते प्वातियेत आलं तेव्हा मिरवणुकीसाठी हे रचलं गेलं. रचणारा वेनान्तियुस फोर्तुनातुस, इटलीहून आलेला कवी, राडेगुंडचा स्नेही, पुढं प्वातियेचा बिशप. पवित्र आठवड्याच्या लॅटिन उपासनेत ते शतकानुशतकं गायलं गेलं. १९६० च्या दशकात उपासना लोकभाषेतून सुरू झाली तेव्हापासून लॅटिन मागं पडलं, तरी जुनी माणसं चाल विसरलेली नाहीत.

इतके दिवस हे स्तोत्र ऐकून होतो. ते एका हरवलेल्या राज्याच्या राजकन्येच्या अंगणात पहिल्यांदा गायलं गेलं हे वाचून आज फार वेगळं वाटलं.

नवी_पालवी

मला इतिहास विशेष कळत नाही, पण एक विचारायचं आहे. तिच्या कुळातली सगळी माणसं मेली, देश गेला, ज्यानं हे केलं त्याच्याशीच लग्न झालं. तिला स्वतःला आपल्या नावाबद्दल काय वाटत असेल? याचं काही लिहिलेलं आहे का?

शब्दवेल

नवी पालवी, नावाबद्दल तिनं काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, पण कुळाबद्दल फार काही आहे.

‘थुरिंगियाचा विनाश’ नावाची एक मोठी लॅटिन कविता आहे. ती तिच्याच तोंडून बोलते. फोर्तुनातुसच्या कवितांबरोबर ती आपल्यापर्यंत आली. काही अभ्यासक तिच्यात राडेगुंडचा स्वतःचा हात पाहतात, मलाही तसंच वाटतं. कविता लिहिली आहे चुलतभाऊ आमालाफ्रिड याला. हेर्मानफ्रिडचा हा मुलगा कॉन्स्टँटिनोपलला जाऊन सम्राटाच्या सैन्यात सेनापती झाला होता. कवितेत ती ट्रॉयची आठवण काढते, म्हणते की ट्रॉयच्याच बायकांनी रडावं असं नाही, थुरिंगियानंही तेवढंच सोसलं. एक चित्र विसरता येत नाही : बायकोची अनवाणी पावलं नवऱ्याच्या रक्तात पडतात आणि पडलेल्या भावाला ओलांडून बहीण जाते. पुढं ती त्याला विचारते, तुझं पत्र का येत नाही? लहानपणी तू माझ्यावर किती माया करायचास, आता एक ओळही लिहीत नाहीस. आमालाफ्रिड मेल्याची बातमी आल्यावर दुसरी कविता आहे, आर्ताखिस नावाच्या नातेवाइकाला.

‘आमालाफ्रिड’ हे नावही पाहा. त्याची आई आमालाबेर्गा, ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकची भाची. ‘आमाल’ हे त्या गॉथ राजकुळाचंच नाव. वडील हेर्मानफ्रिड. आईचा आमाल, बापाचा फ्रिड. पोराच्या नावात दोन राजघराण्यांचा तह लिहिलेला आहे. राडेगुंड त्याला नावानं हाक मारते तेव्हा ती दोन्ही घरं एकदम हाकारते, आणि तोवर दोन्ही बुडालेली आहेत. नाव हा अर्थापेक्षा नात्याचा कागद आहे असं मी म्हणते ते यामुळे.

तिच्या स्वतःच्या नावाचं तिच्या पत्रातलं रूपही आपल्याकडे आहे. मठाच्या रक्षणासाठी तिनं बिशपांना लिहिलेलं पत्र ग्रेगरीनं आपल्या इतिहासाच्या नवव्या भागात जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्यात ती स्वतःला ‘राडेगुंडिस पेक्कात्रिक्स’ म्हणवते. पापिणी राडेगुंड. राणी नाही, राजकन्या नाही, थुरिंगियाची असंही नाही. जुनं कुळाचं नाव तेवढं ठेवलंय आणि त्याला जोडलेलं विशेषण नव्या आयुष्यातलं आहे.

घाटवाट

कूळ संपलं तर नाव कसं टिकलं मग? पोटी मूल नाही, भाऊ नाही.

शब्दवेल

भक्तीमुळे. पहिलं चरित्र फोर्तुनातुसनं लिहिलं, दुसरं ६०० च्या आसपास मठातल्याच बाउदोनिविया नावाच्या जोगिणीनं. एका बाईनं दुसऱ्या बाईचं चरित्र लिहावं हे त्या काळात फार विरळ. प्वातियेत तिची कबर असलेलं चर्च तिच्याच नावाचं झालं. १५६२ मध्ये धर्मयुद्धाच्या धामधुमीत प्रोटेस्टंटांनी कबर फोडली, तरी लोक येत राहिले. फ्रेंचमध्ये नावाचं ‘रादगोंद’ झालं आणि पश्चिम फ्रान्समध्ये त्या नावाची गावं, झरे, चर्चं पसरली. तिथल्या लोककथेत ती शहरातल्या ‘ग्रांगूल’ नावाच्या अजगरी राक्षसिणीला मारते. दुसऱ्या एका कथेत राजाची माणसं मागं लागली असताना नुकतंच पेरलेलं ओटाचं शेत एका क्षणात डोक्याएवढं वाढतं आणि तिला लपवतं.

इंग्लंडात केंब्रिजला तिच्या नावाचा जोगिणींचा मठ होता. १४९६ मध्ये ईलीचा बिशप जॉन अल्कॉक यानं तो बंद करून तिथं कॉलेज काढलं. सगळे त्याला जीझस कॉलेज म्हणतात, पण अधिकृत लांबलचक नावात राडेगुंड आजही आहे.

बव्हेरियात ऑग्सबुर्गजवळ वेलेनबुर्ग इथं याच नावाची एक मोलकरीण होऊन गेली. वाड्यातलं अन्न आजाऱ्यांना नेऊन द्यायची, लांडग्यांनी तिला फाडलं अशी कथा आहे, आणि तिलाही लोक संत मानतात. ती राजकन्या नव्हती. तिच्यापाशी नाव आलं ते बहुधा प्वातियेच्या संत राडेगुंडमुळे. थुरिंगियाच्या राजवाड्यात ठेवलेलं नाव मोलकरणीपर्यंत पोचलं.

म्युनिककर

यात भर : अपर ऑस्ट्रियात, बव्हेरियाच्या हद्दीला लागून सांक्ट राडेगुंड नावाचं खेडं आहे. फ्रांत्स येगरश्टेटर तिथलाच. १९०७ चा जन्म, साधा शेतकरी. हिटलरच्या सैन्यात लढायला त्यानं नकार दिला आणि ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये चर्चनं त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. दुसरं सांक्ट राडेगुंड ग्राझ शहराजवळ डोंगरात आहे.

ज्या बाईचा देश युद्धात गेला तिच्या नावाच्या गावात युद्धाला नाही म्हणणारा माणूस निघाला, हे मी या धाग्यामुळे पहिल्यांदा जोडून पाहिलं.

कसोटीदगड

सगळं वाचलं. मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही, म्हणून लिहितो. त्या लोकांना नावांचे अर्थ ऐकू येत नव्हते असं नाही. इंग्लंडच्या एथेलरेड राजाला लोकांनी ‘उनरेड’ म्हटलं. एथेलरेड म्हणजे थोर मसलत, उनरेड म्हणजे मसलतच नाही. नावाचा अर्थ कळत असल्याशिवाय ही कोटी कशी होईल?

आणि राडेगुंडच्या अगदी जवळचं उदाहरण. हाच फोर्तुनातुस ५८० मध्ये राजा खिल्पेरिकला उद्देशून कविता लिहितो. तिच्यात म्हणतो की एखादा रानटी भाषेचा दुभाषा असता तर त्यानं सांगितलं असतं, तुझ्या नावाचा अर्थ ‘बलवान साह्यकर्ता’. मदत अधिक सामर्थ्य, म्हणजे सरळ बेरीजच. तुम्ही जिला चूक म्हणता ती बेरीज राडेगुंडच्या सगळ्यात जवळच्या मित्रानं, ती हयात असताना केली आहे.

शब्दवेल

कसोटीदगड, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. दोन्ही उदाहरणं खरी आहेत.

एथेलरेडची कोटी बाराव्या शतकात पहिल्यांदा लिहिलेली सापडते, राजा १०१६ मध्ये गेल्यावर दीडशेहून जास्त वर्षांनी. तरी ती सोडून देऊ, कारण तुकड्यांचे अर्थ लोकांना कळत होते हे मला मान्यच आहे. राड म्हणजे मसलत हे थुरिंगियातल्या गुराख्यालाही कळत असणार.

खिल्पेरिकचं उदाहरण मात्र फार बोलकं आहे. त्याला ते नाव का मिळालं ते पाहू. खिल्पेरिकचा बाप क्लोथार. क्लोथारची आई क्लोटिल्ड, बर्गंडीची राजकन्या. आणि क्लोटिल्डच्या वडिलांचं नाव खिल्पेरिक. त्यांना त्यांच्या भावानं, गुंडोबाडनं मारलं होतं असं ग्रेगरी सांगतो. म्हणजे या राजाला आजीच्या मारल्या गेलेल्या वडिलांचं, स्वतःच्या पणजोबांचं नाव मिळालं. बर्गंडीवर आपलाही हक्क आहे हे सांगायला फ्रँक राजांना त्या नावाचा उपयोग होता. ‘बलवान साह्यकर्ता’ हे कवीनं पुढं दरबारात स्तुती करताना काढलं. तोही म्हणतो, दुभाषा असता तर. अर्थ सांगायला मुद्दाम दुभाषा लागतो, आणि तो लागतो कवीला.

तेव्हा माझं म्हणणं तुमच्यामुळे जास्त नेमकं होतं. बेरीज करता येत होती, प्रसंगी करतही होते. नाव ठेवताना ती कारण नव्हती. यादीत ‘युद्धात सल्ला देणारी’ लिहायला माझी हरकत नाही, फक्त तिच्या आधी ‘थुरिंगियाच्या राजकुळातलं नाव, आत्याकडून आलेलं’ एवढं असावं.

कसोटीदगड

हे पटलं. पणजोबांचा दुवा माझ्या लक्षात आला नव्हता. एक सुचवतो, मेरोव्हिंजियन, म्हणजे क्लोथारच्याच घराण्यातली बासिना पाहा. पहिली बासिना थुरिंगियाची, क्लोथारचा बाप क्लोव्हिस याची आई. दुसरी खिल्पेरिकची मुलगी, ती राडेगुंडच्याच मठात जोगीण होती आणि राडेगुंड गेल्यावर ५८९ मध्ये मठात जे बंड झालं त्याच्या दोन पुढारणींपैकी एक. फ्रँक राजकन्येला थुरिंगियाचं नाव, पणजोबांच्या आईचं.

शब्दवेल

होय, चपखल. बासिनावर वेगळं लिहिण्यासारखं आहे, त्या बंडासकट. तुम्ही धागा काढणार असाल तर मी माझ्याकडची टिपणं देते.

नवी_पालवी

शेवटचं एक. आता हे नाव कुणी ठेवतं का? आणि हाक काय मारतात?

शब्दवेल

फार क्वचित. जर्मन भाषिकांत राडेगुंड किंवा राडेगुंडिस, फ्रान्समध्ये रादगोंद, दोन्हीकडे जुन्या पिढीचं वाटणारं. गुंडवाल्या नावांना हाक मारायला गुंडा, गुंडी, गुंडेल अशी लहान रूपं आहेत, त्यांत कुनिगुंडेही येते आणि हिल्डेगुंडही. नामदिवस १३ ऑगस्ट.